न पुसणारी ऑर्डर

"फळ्यावरचं पुसतं, ताई! माझ्याकडचं काही म्हणजे काही पुसलं जाणार नाही!"

शास्त्रज्ञाने हे वाक्य बेकरीच्या मधोमध उभं राहून, हात कमरेवर ठेवून टाकलं. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं की भट्टी विझवली असती तरी पाव भाजून निघाले असते. आता 'शास्त्रज्ञ' ही त्याची पदवी नव्हे बरं का, टोपणनाव. लहानपणी घरातला चांगला चालणारा रेडिओ त्याने उघडून कायमचा बंद पाडला आणि वर वडिलांना सांगितलं, "तो का चालत होता ते आता मला कळलंय." तेव्हापासून तो घरादाराचा शास्त्रज्ञ झाला.

सध्या नोकरी सोडून तो थोरल्या बहिणीकडे राहायला आला होता. ताईची बेकरी घराला लागूनच. पुढे काचेचा काउंटर, मागे भट्टी, आणि दोन्हींच्या मध्ये भिंतीवर एक काळा फळा. सगळ्या ऑर्डरी त्या फळ्यावर खडूने लिहायच्या, आणि भट्टीवाल्या मामांना त्या फळ्याला पाठ घासल्याशिवाय ट्रे घेऊन वळताच यायचं नाही! मागच्या महिन्यात मामांच्या पाठीने '८०' मधलं शून्य नेलं आणि एका आजोबांच्या वाढदिवसाला आठ मेणबत्त्या लावलेला सशाच्या तोंडाचा केक गेला. आजोबा खूश झाले, पण सूनबाई भांडायला आल्या.

"ह्यावर एकच उपाय," शास्त्रज्ञ म्हणाला. "वेबसाइट! आणि साधीसुधी नाही, डायनॅमिक! फंक्शनल भाषेत लिहिलेल्या वेब सर्व्हरवर!"

"माणसासारखं सांग," ताई म्हणाली.

"हे बघ. साधी वेबसाइट म्हणजे कालचा पाव. एकदा पान भाजून ठेवलं, येईल त्याच्या हातात तेच. डायनॅमिक म्हणजे गिऱ्हाईकाने मागितलं की सर्व्हर त्याच क्षणी त्याच्यापुरतं पान भाजून गरमागरम हातात देणार!"

"आणि ते फंक्शन का काय?"

"फंक्शन म्हणजे आपली भट्टी. आत तेच घातलं की बाहेर तेच येणार. आज घाल, उद्या घाल, शंभर वर्षांनी घाल, तिळमात्र फरक नाही!"

"मग तू भट्टी कधी बघितलेलीच नाहीस," मामा आतून ओरडले. "जरा थंडी पडली की माझं पीठ रुसून बसतं!"

शास्त्रज्ञाने असल्या किरकोळ आक्षेपांकडे लक्ष दिलं नाही. "आणि सगळ्यात भारी गोष्ट ऐक. ह्या भाषेत एकदा ठरलेली गोष्ट बदलतच नाही. बदल हवा असेल तर शेजारी नवी तयार होते. जुनी जिथल्या तिथे, जशीच्या तशी!"

"तुझ्या भावोजींसारखी," असं म्हणून ताई मैद्याचं पोतं ओढत आत निघून गेली.

हे 'भावोजींसारखी' काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. भावोजी विम्याच्या कचेरीत होते. माणूस वाईट नव्हता, पण बोलताना जिभेला ब्रेक नाही. गेल्या आठवड्यात त्यांचे साहेब घरी जेवायला आले. साहेबांनी सहज विचारलं, "वहिनी बेकरी चालवतात म्हणे?" आणि भावोजी हसत हसत म्हणाले, "छे हो! विरंगुळा आहे तिचा. घरी बसून कंटाळते, मग भाजत बसते काहीबाही!"

ताई नेमकी त्याच वेळी साहेबांसाठी केलेला केक हातात घेऊन दारात उभी होती. रोज पहाटे उठून भट्टी पेटवणारी, मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे डाग मिरवणारी ताई! तिने केक ठेवला, कापला, साहेबांना मोठा तुकडा दिला, आणि तेव्हापासून नवऱ्याशी बोलणं बंद केलं. भावोजीही कमी नव्हते. "मी गमतीने बोललो, एवढं काय त्यात?" म्हणून तेही गप्प बसले.

मग दोघांमधला टपालखात्याचा कारभार शास्त्रज्ञाच्या गळ्यात पडला. जेवायच्या टेबलावर तो मध्ये बसायचा.

"तुझ्या ताईला सांग, मीठ कमी पडलंय."

"तुझ्या भावोजींना सांग, मीठ त्यांच्याच कोपराशी आहे."

शास्त्रज्ञ सांगायचा. मीठही द्यायचा. पण स्वतःचं ताट अर्धं टाकून उठायचा. नोकरी सोडून तो दारात उभा राहिला तेव्हा ह्या दोघांनी 'का' म्हणून विचारलं नव्हतं. भावोजींनी त्याची बॅग आत घेतली होती आणि ताईने ताट वाढलं होतं. ते घर असं मुकं झालेलं त्याला बघवत नव्हतं. आणि ह्यावर कुठलंच फंक्शन त्याला सुचत नव्हतं.

ताईने वेबसाइटला परवानगी दिली, पण अट घालून. "शनिवारी संध्याकाळपर्यंत नीट चालली तर फळा उतरवते. एक जरी घोळ झाला तर फळा राहील, आणि तू मुकाट्याने भावोजींनी बघून ठेवलेल्या नोकरीला लागशील."

"घोळ? ताई, माझी सिस्टिम चुकत नाही!"

आणि खरंच, शुक्रवारपर्यंत सगळं लोण्यासारखं चाललं. गिऱ्हाईक घरबसल्या केक निवडायचं, वर काय लिहायचं ते टाइप करायचं, की भट्टीजवळच्या छोट्या प्रिंटरमधून खर्रर्र करत चिठ्ठी बाहेर! मामा चिठ्ठी वाचायचे, ट्रे सरकवायचे, पाठ कुठेही घासायचे. शास्त्रज्ञ दिवसातून दहा वेळा मागे येऊन प्रिंटरकडे असा बघायचा जसा बाप पोराच्या पहिल्या पावलाकडे बघतो.

शनिवार उजाडला. सकाळी पहिली खर्रर्र झाली. ताई क्रीमची पिशवी भरत होती. मामांनी वाचून दाखवलं.

"एक किलो, व्हॅनिला, चौकोनी. नाव, 'एक गिऱ्हाईक'. संध्याकाळी दुकानातून नेणार. वर लिहायचं, 'झालं गेलं विसरून जा'."

ताईचा हात थांबला. "हे कोण कोणाला म्हणतंय?"

"नवरा बायकोला, दुसरं कोण!" मामा म्हणाले.

"बघा, म्हणजे ह्यानेच काहीतरी केलंय आणि तिने विसरून जायचं! किती सोपं!" ताईने फणकाऱ्याने मजकूर लिहिला. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. पण 'विसरून'चा 'रू' जरा जास्तच टोकदार निघाला.

थोड्या वेळाने पुन्हा खर्रर्र! पुन्हा एक किलो, व्हॅनिला, चौकोनी, 'एक गिऱ्हाईक'. वर लिहायचं, 'राग आला असेल तर सॉरी'.

"अरे, पुन्हा हाच?" ताईने शास्त्रज्ञाला हाक मारली. "एका माणसाला दोन केक कशाला?"

शास्त्रज्ञ छाती फुगवून आला. "ताई, सिस्टिम चुकत नाही. दोन चिठ्ठ्या आल्या म्हणजे दोन केक हवेत. मोठं भांडण असेल!"

"असेल तर सॉरी म्हणे! असेल तर! आलाय की नाही तेवढंही ह्याला माहीत नाही!" ताई लिहीत होती आणि क्रीम भिंतीवर उडत होतं.

तिसरी चिठ्ठी आली, 'दोघांचंही थोडं चुकलं', आणि ताईने पिशवी अशी दाबली की तिचं पुढचं तोंडच निखळून केकमध्ये पडलं. "दोघांचंही? तिचं काय चुकलं? बिचारी बोलतही नसेल!"

"न बोलण्याचंही थोडं..." असं मामांनी सुरू केलं, पण ताईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मामांना अचानक भट्टीत काहीतरी बघायचं आठवलं.

तोवर दुकानात दंतवैद्य येऊन उभे. शेजारच्या इमारतीत त्यांचा दवाखाना होता आणि मुलीच्या वाढदिवसाचा केक त्यांना दुपारी हवा होता. "झाला का माझा?"

"व्हॅनिलाचे स्पंज संपत आलेत डॉक्टर!" मामा घाम पुसत म्हणाले. "एक नवरा आहे. तो सकाळपासून माफी मागतोय. त्याचं आटपल्याशिवाय तुमचा नंबर नाही!"

खर्रर्र! 'माझं थोडंफार चुकलं असेलही, पण'

"पण काय?" दंतवैद्यांनी काउंटरवरून मान लांब करून विचारलं.

शास्त्रज्ञाने खुलासा केला. "केकवर मावतील एवढीच अक्षरं घ्यायची, असा नियम मी सिस्टिममध्ये घातलाय. पुढचं कापलं गेलं."

"बरं झालं कापलं गेलं!" ताई कडाडली. "ह्या 'पण'च्या पुढे काय असतं ते मला पाठ आहे!" आणि तिने तो 'पण' एवढा मोठा लिहिला की तो केकच्या कडेवरून खाली ओघळला.

एव्हाना अंडी संपली होती. मामा धावत जाऊन नवीन घेऊन आले. पावांचा दुपारचा घाणा लांबणीवर पडला. दंतवैद्य खुर्ची ओढून बसले. दवाखान्यात पेशंट तोंड उघडून बसले असणार, पण ह्यांचं लक्ष प्रिंटरवर! पाचवी चिठ्ठी आली. दोनच शब्द. 'माझं चुकलं'.

"सुधारतोय हो," मामा हळूच म्हणाले. ताईने काही टोमणा मारला नाही. तिने तो केक नीट, सावकाश लिहिला आणि कडेला एक छोटी वेलही काढली.

सहावी खर्रर्र झाली तेव्हा दुपार टळली होती. मामा उभे राहून वाचायला लागले. "'विरंगुळा नाही. तुझं काम आहे.'"

ताईने मामांच्या हातातून चिठ्ठी घेतली. एकदा वाचली. पुन्हा वाचली. मग भिंतीला टेकून उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "शास्त्रज्ञा, बघ जरा. हे सहा केक मागवलेत कोणी?"

शास्त्रज्ञाने लॅपटॉप उघडला. आणि मंडळी, त्याचं धाबं दणाणलं! ऑर्डर एकच होती. एक! गिऱ्हाईकाने सकाळपासून पाच वेळा 'मजकूर बदला' हे बटण दाबलं होतं. जुना मजकूर पुसून नवा लिहिला, अशा समजुतीत तो बिचारा होता. पण शास्त्रज्ञाच्या लाडक्या भाषेत जुनं पुसलं जात नाही. प्रत्येक बदलाला शेजारी एक नवी, ताजी, खणखणीत ऑर्डर जन्माला आली होती, आणि प्रिंटरने इमानेइतबारे प्रत्येकीची चिठ्ठी काढली होती. भट्टीला फक्त शेवटची दाखवायची, हे सिस्टिमला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं! गिऱ्हाईकाचा फोन नंबर चिठ्ठीवर छापला जात नव्हता, पण लॅपटॉपवर होता. तो नंबर शास्त्रज्ञाला तोंडपाठ होता.

"ताई," त्याची बोबडी वळली, "केक एकच हवा होता. शेवटचा. आणि गिऱ्हाईक... गिऱ्हाईक म्हणजे आपले..."

"कळलं मला."

"मी बाकीचे पाच लपवतो! खाऊन टाकतो! मामा, तुम्ही दोन खा! भावोजी यायच्या आत..."

"एकालाही हात लावायचा नाही," ताई म्हणाली. तिने सहावा केक स्वतः लिहिला. लिहिताना तिचं नाक लाल झालं होतं, पण एकही अक्षर हललं नाही. मग तिने सहाही केक काउंटरवर ओळीने मांडले, ज्या क्रमाने आले त्या क्रमाने.

शास्त्रज्ञाला दरदरून घाम फुटला. भावोजी नरमले होते, अगदी योग्य त्या शब्दापर्यंत येऊन पोचले होते, आणि ह्याच्या सिस्टिमने त्यांची सकाळपासूनची सगळी अरेरावी क्रीममध्ये लिहून काउंटरवर मांडली होती! घर मोडायला आता तो एक 'पण'च पुरेसा होता.

संध्याकाळी भावोजी आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. त्यांचा बेत असा, की ताई केक काढून देईल, आपण तो तिच्याच बाजूला फिरवायचा आणि काहीच बोलायचं नाही. सवयीने ते शास्त्रज्ञाकडे बघूनच म्हणाले, "तुझ्या ताईला सांग, माझा एक केक न्यायचाय."

"कोणता?" ताईने विचारलं.

आठवडाभरात तिने नवऱ्याशी बोललेला हा पहिला शब्द. भावोजी दचकले. मग त्यांची नजर काउंटरवर गेली आणि ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचत गेले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग एकेका केकबरोबर उतरत गेला.

"हे... हे मी पुसलं होतं!"

"ह्याच्याकडे पुसलं जात नाही," ताई म्हणाली. "हा सकाळचा ना? 'झालं गेलं विसरून जा'?"

"मी तेव्हा नुकताच उठलो होतो."

"आणि 'दोघांचंही थोडं चुकलं'?"

"तो... तो कचेरीत गेल्यावर सुचला. तिथली हवाच तशी आहे."

केक मिळूनही अजून खुर्चीत बसलेले दंतवैद्य फिसकन हसले. शास्त्रज्ञ काउंटरखाली बसायच्या बेतात होता. ताई शेवटच्या केकपाशी थांबली.

"आणि हा?"

भावोजींनी मान खाली घातली. "दुपारी डबा उघडला. आठवडाभर बोलत नाहीस, पण डबा एकदाही चुकला नाही. आतला पाव अजून मऊ होता. पहाटे उठून भाजला असशील. मनात आलं, विरंगुळा म्हणून कोणी पहाटे उठतं का? फार लाज वाटली. साहेबांनाही जाऊन सांगितलं, मी मूर्खासारखं बोललो म्हणून."

ताईने डोळे पुसले. हाताला क्रीम होतं, ते गालाला लागलं. मग तिने सुरी घेतली, चौथ्या केकवरचा ओघळलेला 'पण' अख्खा कापला, बशीत घातला आणि नवऱ्यापुढे सरकवला.

"आधी हा संपवा. माझ्यासमोर."

भावोजींनी तो 'पण' उभ्या उभ्या, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. त्यांच्या मिशीला क्रीम लागलं. "मीठ..." ते म्हणाले, आणि मग घाईघाईने, "नाही, काही नाही, छान झालाय!" ताई हसली. आठवडाभराचं साठलेलं असं खदखदून हसली की मामा भट्टी सोडून बाहेर आले.

सहावा केक घरी गेला. उरलेल्यांचं काय करायचं ह्या विचारात शास्त्रज्ञ असताना दंतवैद्यांनी 'राग आला असेल तर सॉरी' उचलला. "दवाखान्यात लागेल," ते म्हणाले. "माझ्याकडे येणारा प्रत्येक जण दुखावलेलाच असतो." मुलीचा केक दुसऱ्या हातात घेऊन ते गेले. 'दोघांचंही थोडं चुकलं' घ्यायला तर एक जोडपं आपसात भांडतच आत आलं! दुकान बंद व्हायच्या आत सगळे खपले, 'पण' कापलेलासुद्धा. सोमवारी फळा खरोखर भिंतीवरून उतरला. उतरला आणि दुकानाबाहेर दारात जाऊन बसला. त्यावर ताईने खडूने लिहिलं होतं, 'तयार माफीचे केक मिळतील'. शास्त्रज्ञाला ते अक्षर आपल्या वेबसाइटपेक्षा मोठं वाटलं.

एक घोळ झाला होता खरा, तरी ताईने नोकरीचा विषय काढला नाही. शास्त्रज्ञाने रविवारभर बसून सिस्टिम दुरुस्त केली. आता गिऱ्हाईक कितीही वेळा बदलू दे, त्याने 'पक्कं' म्हटल्यावरच चिठ्ठी निघणार आणि भट्टीला शेवटचंच दिसणार. जुनं फक्त आत कुठेतरी जपून राहणार.

सोमवारी सकाळी ताई मोबाइल घेऊन काउंटरमागे बसली होती. टाइप करत होती, पुसत होती, पुन्हा टाइप करत होती. थोड्या वेळाने खर्रर्र झालं. एक किलो, व्हॅनिला, चौकोनी, विम्याच्या कचेरीत पोचवायचा. वर लिहायचं, 'ठीक आहे'.

"एवढंच?" मामा म्हणाले. "एवढं तर फोनवर सांगितलं असतं!"

शास्त्रज्ञाने लॅपटॉप उघडला. उघडायला नको होता, हे त्यालाही कळत होतं. पण जुनं पुसलं जात नाही ना! ताईने शेवटच्या आधी तीन मजकूर लिहिले होते. भावोजी कडकपासून मऊपर्यंत आले होते, आणि ही बाई मऊपासून कडकपर्यंत गेली होती. 'ठीक आहे'च्या आधी 'केक आवडला का'. त्याच्या आधी 'मीही फार ताणलं'. आणि सगळ्यात पहिला, 'तुमचीच शाबासकी हवी होती'.

शास्त्रज्ञाने खुर्ची लॅपटॉपच्या आणखी जवळ ओढली. मग त्याने त्या पहिल्या ओळीपुढचं 'छापा' बटण दाबलं. खर्रर्र!

मामांनी दुसरी चिठ्ठी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. "शास्त्रज्ञा, तुझी सिस्टिम चुकत नाही ना रे?"

"चुकते मामा. अधूनमधून चुकते. ताईला तसंच सांगायचं."

तेवढ्यात बाहेरून ताईचा आवाज आला. "दोनदा वाजला रे प्रिंटर! सिस्टिम चुकली का?"

"हो ताई! पार चुकली! थांबवू का?"

बाहेर गल्ल्याचा खण उघडून उगाचच पुन्हा बंद झाल्याचा आवाज आला.

"राहू दे. चुकू दे आजच्या दिवस!"